डिझल न पिणारी पिकप

आमच्या पांढुर्ण्यात माणसाची इज्जत घरावरून ठरत नाही, शेतावरून ठरत नाही, गाडीच्या एव्हरेजवरून ठरते. पोराला नोकरी लागली का, बापाची तब्येत कशी, हे लोक नंतर विचारतात. आधी विचारतात, "किती देते?" लिटरमागं किती किलोमीटर देते, एवढाच त्याचा अर्थ. ह्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. असलाच कुठं, तर तो बैलगाडीवाला असेल.

माझी पिकप वीस देते. समोरचा माणूस स्वतःच्या गाडीचे अठरा सांगत असला, तर बावीससुद्धा देते. एकदा एका फटफटीवाल्यानं चहाच्या टपरीवर फार छाती काढली, तेव्हा तिनं तीसपर्यंत मजल मारली होती, पण त्या दिवशी माझीच तब्येत जरा जोरात होती.

आणि हे सगळं खोटं होतं असं कोणी समजू नये. मी मोजून पाहिलं होतं. फक्त मोजायची माझी एक पद्धत होती. आमचं पांढुर्णा आहे वर, नागपूर आहे खाली. बसमधे डुलक्या घेणाऱ्याला हे कळत नाही, पण पिकप चालवणाऱ्याच्या उजव्या पायाला बरोब्बर कळतं. संत्र्याचे क्रेट लादले, रस्त्याला लागलो, की गाडी आपसूक नागपूरकडे ओढ घेते, जसा जावई पंगतीकडे. मधेमधे न्यूट्रल मारायचं आणि मागच्या संत्र्यांनाच गाडी ढकलू द्यायची. एव्हरेज मी नेहमी जाताना मोजतो. येताना नाही. "चढावावर मोजत नसतात," असं मी इतक्या भरवशानं सांगत आलो की स्टँडवरचे निम्मे ड्रायव्हर तो कंपनीचाच नियम समजून राहिले आहेत.

दुसरी गोष्ट टंकीची. आमच्या गावात कोणीही शहाणा माणूस टंकी फुल करत नाही. आमचं गाव मध्य प्रदेशात, आणि सरहद्द ओलांडली की महाराष्ट्रात डिझल जरा स्वस्त. म्हणून इथं पंपावर जायचं ते सरहद्दीपर्यंत पोचण्यापुरतं, आणि तिकडे गेल्यावर गळ्यापर्यंत भरून घ्यायचं. त्यामुळं कोणाच्या गाडीत नेमकं किती आहे, हे गाडीलाही माहीत नसतं. माझ्या पिकपचा तर काटासुद्धा अर्ध्यावर अडकलेला. टंकी भरली तरी अर्धी, सुकली तरी अर्धी. इतका समाधानी काटा मी दुसरा पाहिला नाही.

ह्या सगळ्या सुखात एकच माणूस बसत नव्हता, माझी बायको. तिला आमच्या पडवीत पिठाची चक्की टाकायची होती. आमच्या गल्लीतल्या बायकांना दळण घेऊन पार बाजारापर्यंत जावं लागतं, चक्की चालेल हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण पडवीत उभी असायची माझी पिकप. बायकोचं म्हणणं, ही विका, ही डिझल पिते आणि फुकट फिरते.

'फुकट' ह्या शब्दात माझा इवाई होता. आमची पोरगी सौंसरला दिलेली. तिचा सासरा, म्हणजे माझा इवाई, संत्र्याचा मोठा बगीचेवाला. त्याची संत्री नागपूरच्या मंडीत जातात माझ्या पिकपमधून, आणि पोरीच्या सासऱ्याला भाडं कोणत्या तोंडानं मागायचं? तोही कधी भाड्याची गोष्ट काढत नाही. गाडीच्या बोनटवर हात फिरवतो आणि म्हणतो, "इवाईबुवा, अशी गाडी जिल्ह्यात नाही." जिल्ह्यात अशी दुसरी गाडी खरंच नव्हती. बाकीचे सगळे भाडं घेत.

मामला पेटला तो सौंसरला एका लग्नाच्या पंगतीत. कोणीतरी विचारलं, किती देते. माझ्या तोंडात जिलबी होती, तरी मी सांगितलं, वीस. तो माणूस खवचट निघाला. म्हणाला, जाताना का येताना? पंगतीतली सगळी पोळ्या मोडणारी बोटं थांबली. इज्जतीचा सवाल होता. मी म्हणालो, जाताना, येताना, चढ असो का उतार असो, वीस म्हणजे वीस.

बायकांची पंगत समोरच होती. तिथून आवाज आला, "मग मोजू ना एकदा."

अटी तिनं तिथंच, भाताचा घास हातात धरून सांगितल्या. पांढुर्ण्याच्या पंपावर टंकी गच्च भरायची. नागपूरला माल टाकायचा, तिथून बोरगाव, सौंसर करून परत यायचं, आणि त्याच पंपावर पुन्हा गच्च भरायची. जेवढं डिझल भरावं लागेल तेवढंच गाडीनं पिलं. वीस निघाले तर ती जन्मात चक्कीचं नाव काढणार नाही. एकानंही कमी निघाले तर गाडी विकायची. गिऱ्हाईक तिनं पाहूनच ठेवलं होतं. आणि ती स्वतः बाजूच्या सीटवर बसणार होती.

माझ्या शेजारी बसलेल्या इवायाचा लाडू तोंडापाशी जाऊन थांबला. हे मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. मी माझ्याच घामात होतो. कारण चढ-उतार मिळून माझी पिकप तेरा देते. हे मी आजपर्यंत फक्त तिलाच, म्हणजे पिकपलाच, कानात बोललो होतो.

मग मी तयारीला लागलो. वजन कमी केलं की एव्हरेज वाढतं, म्हणून स्टेपनी काढली, जॅक काढला, फाळक्याच्या वरची लोखंडी जाळी काढली. आरशाला लटकलेल्या लिंबू-मिरच्यांतल्या दोन मिरच्या कमी केल्या. चाकांत हवा इतकी ठासली की गाडी रस्त्यावर टिपरीसारखी वाजू लागली. सीटखाली एक भला मोठा दगड असायचा. माझा हँडब्रेक मेलेला, म्हणून उतारावर चाकाला तो लावायचो. सावरगावच्या नदीकाठचा, पोळ्यानंतरच्या गोटमारीत, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेत, दोन-चार डोकी पाहून आलेला अनुभवी दगड होता. तोही घरी ठेवला. सकाळी मी नाश्ता केला नाही, आणि बायकोनं पोहे खाल्ले तेव्हा त्या ताटलीकडे मी अशा नजरेनं पाहिलं की ती म्हणाली, "थुकू का?"

एवढं करूनही तेराचे वीस होत नाहीत, हे मला समजत होतं. म्हणून मागं, ताडपत्रीच्या घडीत, मी एक भरलेली डिझलची कॅन गुंडाळून ठेवली. वाटेत गुपचूप टंकीत ओतायची, की पंपावर तेवढंच कमी लागणार. ह्याला काही लोक लबाडी म्हणतील. मी ह्याला गाडीचा खुराक म्हणतो.

पंपावर टंकी फुल करा म्हटलं, तर पंपावरचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला. आमच्या गावात फुल कोणी म्हणत नाही ना. त्यानं दोनदा विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मग आम्ही दोघांनी धरून गाडी गदागदा हलवली, आतली हवा बुडबुड करून निघाली, आणखी थोडं गेलं. डिझल पार तोंडाशी चमकू लागलं तेव्हा बायकोनं स्वतः वाकून पाहिलं आणि झाकणाला कुलूप लावलं. चाबी गाडीच्याच जुडग्यात होती, म्हणून मी निश्चिंत होतो.

नागपूरपर्यंत मी गाडी अशी चालवली की तिला स्वतःला चालल्याचं कळू नये. ॲक्सिलेटरवर पाय नाही, नुसती पायाची सावली. एक कुत्रं बराच वेळ आमच्यासोबत चाललं, मग कंटाळून पुढं निघून गेलं. एक प्रेतयात्रा आम्हाला ओलांडून गेली. मंडळी सगळं आटपून परत येताना पुन्हा भेटली, तेव्हा त्यातल्या एकानं हात जोडून विचारलं, मदत पाहिजे का. बायको खिडकीला डोकं टेकून बसली होती. म्हणाली, "आपून मंडीत पोचेपर्यंत संत्र्याचे झाडं होतील."

मंडीत माल उतरला. आता रिकामी गाडी, हलकी फूल, असं मी मनात म्हणतो तोच बायकोनं तिच्या बाजूचे पत्ते टाकले. वाटेत बस हुकलेल्या चार बाया उभ्या होत्या. तिनं मला थांबायला लावलं आणि त्यांना मागं चढवलं. "बसा वं बाया हो, लाजू नका. वीस देते ही गाडी." त्या बायांसोबत बोचकी होती, एक शिलाई मशीन होतं आणि एक बोकड होता. चढावर बोकड अशा आवाजात ओरडायचा, जसं काही इंजिन तोच ओढून राहिला आहे.

बोरगावला तिची मावशी राहते. ती मावशीकडे गेली, बाया उतरल्या, आणि मी ताडपत्री उलगडली. अर्धी कॅन टंकीत ओतली. डोक्यात मांडणी पक्की होती. वीस पाहिजेत, एकवीस नाही. जास्त झालं तर संशय येतो. राहिलेली अर्धी गरज पडली तर शेवटी पाहू. झाकण लावलं, ताडपत्री घडी केली, आणि निरागस माणूस जसा उभा राहतो तसा उभा राहिलो. बायको आली ती तुरीचं पोतं घेऊन. मावशीनं दिलं म्हणे. मला ते पोतं मावशीएवढंच जड दिसलं.

सौंसरला पोरीच्या घरासमोर रस्ता जरा उताराचा आहे. गाडी उभी केली आणि ती हळूच खाली सरकू लागली. दगड पांढुर्ण्याला राहिला होता ना. मी इकडं तिकडं वीट शोधतो, तोवर इवाई धावत आला. म्हणाला, "राहू द्या, इवाईबुवा. चाबी द्या, मी गोठ्यापाशी सपाटीवर लावतो. तुमी हातपाय धुवा, पाटोड्या गरम आहेत." असा इवाई कोणाला मिळतो? मी जुडगा त्याच्या हातात दिला आणि पाटोडीच्या रश्श्यात बुडालो. सकाळपासून उपाशी होतो, आणि आता वजनाची पर्वा राहिली नव्हती. पोरगी वाढता वाढता आईकडे पाहून हसत होती. इवाई मात्र बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा पंच्याला हात पुसत होता. म्हणाला, गोठ्यात गायीनं जरा त्रास दिला.

निघताना त्यानं पुन्हा बोनटवर हात फिरवला. "वीसच काय, जास्तच देईन ही. माया भरोसा हाये हिच्यावर." मला भरून आलं. आपल्या गाडीवर एवढी श्रद्धा ठेवणारं माणूस आपल्याच नात्यात आहे, असं वाटून मी त्याला पुढच्या खेपेचीही बोली करून टाकली.

सौंसर ते पांढुर्णा मला धीर धरवेना. डोक्यात बोकड, तुरीचं पोतं, शिलाई मशीन, पाटोड्या, सगळं तराजूत बसलं होतं. वाटलं, अर्धी कॅन कमी पडली असणार. अठरावर अडकलो तर? पडवीत पिकपच्या जागी चक्की दिसू लागली. जाम नदीच्या अलीकडे, सावरगावच्या बाजूला, एक म्हातारी वांगी घेऊन बसली होती. बायको म्हणाली, थांबवा, वांगी चांगली दिसून राहिली. मी अशी थांबवली की बोनटनं सलाम ठोकला. ती वांगी निवडू लागली आणि मी मागं जाऊन राहिलेली अर्धी कॅन टंकीत उलटी केली. थोडं गेलं आणि टंकीनं ढेकर दिला. डिझल झाकणातून वर आलं, माझ्या बाहीवर, चपलेवर, रस्त्यावर. मला वाटलं, गाडी तिरपी उभी आहे म्हणून उलटून येत असेल. गडबडीत झाकण दाबलं आणि बाही मागं दुमडून गाडीत बसलो.

पंपावर दिवे लागायच्या बेताला पोचलो. सकाळचाच माणूस होता. त्याच्या भोवती अजून दोघं-तिघं जमले, कारण फुल टंकीची बातमी गावात फिरली होती. बायको उतरून मशीनच्या आकड्यासमोर उभी राहिली, पदर खोचून. त्यानं नळी टंकीत घातली, खटका दाबला.

खट्ट. नळी बंद पडली.

त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा खट्ट. त्यानं नळी काढून फुंकली, झटकली, मशीनला एक थाप मारली, पुन्हा घातली. खट्ट. मग त्यानं मोबाइलचा उजेड टंकीत टाकला आणि तसाच वाकून राहिला.

बायकोनं विचारलं, "किती गेलं?"

"काकू, काईच नाही गेलं. टंकी फुल आहे."

जमलेल्यांतला एक जण वाकून पाहून आला आणि माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला, जसं देव अंगात आलेल्या माणसापासून राहतात. सकाळी निघालेली गाडी, नागपूर पाहून, सौंसर पाहून, बोकड वाहून परत आली, आणि थेंबही पिली नाही. मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण एवढी मोठी थाप मारायची माझी हिंमत कधी झाली नव्हती. आता ती माझ्या गाडीनं स्वतःहून मारली होती. वीस म्हणावं तर कमी पडत होते, आणि वीसच्या वर किती, हे सांगायला भागाकार कशानं करायचा?

बायको गाडीभोवती एक चक्कर मारून आली. झाकणाखालचा ओला ओघळ तिनं बोटानं पुसला, बोट नाकाला लावलं, मग माझ्या बाहीजवळ आली.

"तुमच्या बाहीले डिझलचा वास येऊन राहिला."

मी म्हणालो, "गाडीवाल्याच्या बाहीले गुलाबाचा येईन का?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझ्या फोनचं कानाचं भोंगं बिघडलेलं, त्यामुळं जे काही येतं ते स्पीकरवर, सगळ्या गावासाठी येतं. फोन सौंसरचा होता.

"इवाईबुवा," इवाई म्हणाला, "जमलं का वीस? मी गोठ्यामागं माया टॅक्टरच्या ड्रममधलं घालून देलं थोडंसं. पार तोंडापर्यंत भरलं. इहिणबाईले सांगू नका, नाही तर गाडी जाईन आपली."

'आपली' म्हणाला. मला त्या क्षणी इवायाचा राग आला की प्रेम आलं, हे मी अजून ठरवलेलं नाही. मी अर्धी कॅन मोजून ओतणारा कसबी माणूस. ह्या अनाडी माणसानं माझ्या वीसचा पार चिखल केला.

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. डोक्यावरचा पदर सारखा केला, आवाज एकदम मऊ केला.

"इवाईजी, मी बोलून राहिली. लई चांगलं केलं तुमी."

तिनं टंकीच्या झाकणावर हात ठेवला.

"गाडी नाही विकत आमी. अशी गाडी कोन विकते? सौंसरची हवा लागली की टंकी आपोआप भरते हिची. आता तुमच्या संत्र्याची जेवढी खेप होईल ना, गाडी तुमच्याच गोठ्यापाशी उभी राहात जाईन. अन भरूनच येत जाईन. बराबर हाये ना?"

तिकडून उत्तर आलं, "बराबर हाये, इहिणबाई."

फोन माझ्या हातात ठेवून ती पंपावरच्या माणसाकडे वळली, त्याला वांग्यातली दोन वांगी दिली, आणि गाडीत जाऊन बसली. माझी गाडी वाचली होती. मी मनात नाचत होतो. घरच्या वळणावर मी जरा खाकरून म्हणालो, म्हणजे मग चक्कीचं राहिलंच की आता.

"राहिलं कसं? वीस निघाले असते तर राहिलं असतं. वीस कुठं निघाले?" ती म्हणाली. "अन गाडीले डिझलच लागत नाही, तर डिझलचे पैसे घरातून कायले जातील? चक्कीले होतात ते. पडवी उद्या खाली करा. गाडी राहू द्या रस्त्यावर, कडुलिंबाखाली. तिले काय, ती हवेवर जगते."

तेव्हापासून पिकप कडुलिंबाखाली असते आणि तिच्या टपावर पाखरांचा राबता असतो. इवाई दर खेपेला ड्रममधून टंकी भरतो, पंच्याला हात पुसत. आता तो बोनटवर हात फिरवत नाही. टपरीवर मात्र माझी पत फार वाढली. कोणी विचारलं किती देते, तर मी चहाचा घोट घेतो आणि म्हणतो, भरून जाते, भरून येते. पंपावरचा माणूस साक्षीला आहे. फोनचं त्यानं आणि तिथं जमलेल्या दोघा-तिघांनी कधी कोणाला सांगितलं नाही, आणि त्यांच्या घरचं दळण आमच्याकडे रांगेशिवाय होतं.

चक्की आणायला आम्ही नागपूरला गेलो ते ह्याच पिकपनं. येताना मागं लोखंडी सांगाडा, मोटर आणि जात्याचे दोन दगड, असा ऐवज होता की गाडीचं तोंड आभाळाकडे झालं. चढाला लागलो. पहिला गिअर, काळा धूर, मागून येणारे ट्रक हॉर्न मारून मारून थकले. सायकलवरचा एक दूधवाला कॅन वाजवत आम्हाला ओलांडून गेला आणि जाता जाता त्यानं आत डोकावून पाहिलं. बायको चक्कीकडे मागं वळून वळून पाहत होती, तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. मग तिची नजर त्या अर्ध्यावर अडकलेल्या काट्यावर गेली.

"अवो," ती गालात हसत म्हणाली, "आता किती देऊन राहिली?"

मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"चढावावर मोजत नसतात," मी म्हणालो.